तळ्यावर आणा

टोबियास चौदा वर्षांचा आहे. त्याला पोहायला आवडतं.

पेशंटला कुशीवर वळवायचं असेल तर आधी त्याला तसं सांगावं, मग हात लावावा.

श्रीगोंद्याच्या रस्त्याला उसाचा ट्रॅक्टर पुढे असेल तर घाई करू नये. त्याला मागे दोन ट्रॉल्या असतात, आपण एकच धरून चालतो.

आईच्या सफरचंदाच्या केकचा वास सगळ्या घरात दरवळतो.

लेखी ऐंशी, तोंडी वीस.

"अहो, पाणी आलंय."

आमच्या घरामागे जंगल आहे. जंगलापलीकडे तळं आहे. तळ्यात बदकं आहेत.

*

यातली टोबियासची, केकची आणि तळ्याची वाक्यं मुळात जर्मन आहेत. नगरला लागून असलेल्या भिंगारच्या बाजारात एका भांड्यांच्या दुकानावरच्या खोलीत मी ती शिकवतो. पेशंटचं वाक्य आरतीचं, म्हणजे माझ्या एका विद्यार्थिनीचं आहे, ट्रॉल्यांचं तिच्या वडिलांचं. पाणी आल्याचं सविताचं, म्हणजे माझ्या बायकोचं. लेखी-तोंडीचं वाक्य बोर्डाचं आहे आणि माझं घर त्यावर चालतं.

माझं स्वतःचं असं वर एकही वाक्य नाही. हे आत्ता लक्षात आलं.

*

मूल नववीत गेलं की शाळा विचारते, हिंदी, संस्कृत का जर्मन? पूर्वी आमच्या भागात फ्रेंचही होतं. फ्रेंचच्या मॅडमचं लग्न झालं, त्या नाशिकला गेल्या, त्यांच्यामागून फ्रेंचही गेलं. जर्मन राहिलं, कारण माझं लग्न आधीच झालं होतं आणि मला कुठे जायचं नव्हतं.

पालक जिना चढून वर येतात आणि एकच विचारतात, "स्कोअरिंग आहे ना?"

"आहे," मी म्हणतो.

जर्मन नेमकं कुठे कुठे बोलतात, असं आजवर फक्त एका वडिलांनी विचारलं. ते लष्करात नकाशांच्या कामावर होते, त्यांची सवयच ती. मी म्हटलं, "जर्मनीत." त्यांनी आणखी वाट पाहिली. मीही पाहिली.

मी जर्मनीला गेलेलो नाही. पश्चिमेला मी कल्याणपर्यंत गेलो आहे. जर्मन माणसाशी मी कधी बोललो नव्हतो. अरणगावला तिथल्या समाधीच्या दर्शनाला परदेशी लोक येतात, त्यातले काही जर्मन असतात असं कळल्यापासून दौंड रस्त्यानं जाताना मी हेल्मेटची काच खाली घेतो. एकदा एक उंच गृहस्थ गाड्यावर केळी घेताना बरोबरच्या बाईंना काहीतरी म्हणाले. ते जर्मन होतं. मला त्यातलं 'केळी' कळलं. मी तिथून हळूच निघालो.

तर, माझी पद्धत.

मला माझ्या सरांनी पुण्यात पाच उत्तरं दिली होती. माझं कुटुंब, माझं घर, माझी सुट्टी, माझी मैत्रीण, तळ्यावरचा रविवार. त्यांना ती त्यांच्या सरांनी दिली होती. टोबियास तेव्हाही चौदाचा होता. त्याच्या वर्गातली मुलं एव्हाना रिटायर झाली असतील, तो अजून पोहतोय.

पाच उत्तरं पाठ करायची. पेपरात काहीही येऊ दे, दोन वाक्यांत विषय वळवायचा आणि तळ्यावर आणायचा. एकदा तळ्यावर आलं की पुढची सगळी वाक्यं बिनचूक असतात, तपासणाऱ्याला लाल पेन उचलायला जागाच राहत नाही. 'माझा आवडता सण' आला? सणाला मामा येतो. मामासोबत आम्ही तळ्यावर जातो. 'मोबाईलचे फायदे-तोटे' आले? मोबाईलमुळे तळ्यावर जायला वेळ मिळत नाही. 'पर्यावरण' आलं तर विचारूच नका, ते तळ्यावरच राहतं. एका वर्षी 'माझं स्वप्न' आलं. त्या वर्षी भिंगारच्या सगळ्या मुलांना स्वप्नात बदकं दिसली आणि सगळ्यांना नव्वदच्या पुढे पडले.

खोलीच्या भिंतीवर मी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय: तळ्यावर आणा.

*

जुलैत आरती आली. खासगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स. गाव खर्डा. भिंगारमध्ये दोन मैत्रिणींबरोबर खोली करून राहायची. डोळ्यांत झोप होती, रात्रपाळी करून थेट आली होती.

"सर, मला दहावी न्हाई द्यायची. मला बोलायचंय."

"बोलायचं म्हणजे तोंडी. तोंडी वीस मार्कांची असते."

"मार्क नकोत, सर. तिकडं जर्मनीत म्हाताऱ्या माणसांकडं बघायची नोकरी हाय. पुण्याची एजन्सी हाय एक. ऑनलाइन इंटरव्ह्यू घेणार हायेत."

"कशावर विचारणार?"

"माझ्यावरच."

"मग 'माझं कुटुंब' करू," मी म्हटलं.

तिनं वही उघडली. मी सांगायला लागलो. माझे वडील डॉक्टर आहेत. माझी आई शिक्षिका आहे. माझा भाऊ टोबियास.

तिचं पेन थांबलं. "सर, माझे वडील डॉक्टर न्हाईत. रामहरी नाव हाय त्यांचं. ऊस तोडतात. आईबी."

"आरती, 'डॉक्टर' सोपा शब्द आहे. ऊसतोडीला जर्मनमध्ये काय म्हणतात ते मला माहीत नाही आणि तपासणाऱ्यालाही नसतं. चुकलं तर अर्धा मार्क जातो."

"खोटं व्हत न्हाई का?"

"खोटं कसं? निबंध आहे."

मग तिनं लिहिलं: डॉक्टर.

तिला घाई का होती, ते तिनं पुढच्या आठवड्यात सांगितलं. दिवाळी झाली की गावात ट्रॅक्टर येतात आणि माणसं तोडीला जातात. वडिलांची कंबर गेली होती, तरी ते दरसाल जात. दिवाळीच्या आत तिचं जर्मनीचं पक्कं झालं तर ती दोघं या साली गावातच राहणार होती. तसं तिनं आईकडून कबूल करून घेतलं होतं. आईनं कबूल केलं, पण कोयत्याला धार लावून ठेवली.

*

सविता पोस्टात काउंटरवर असते. दिवसभर लोकांच्या चुका दुरुस्त करून घरी येते आणि मग माझ्याकडे वळते.

"त्या पोरीला काय शिकवताय?"

"कुटुंब झालं. घर झालं. आता सुट्टी."

"तिला नोकरीला पाठवताय का सहलीला?"

"पाया पक्का लागतो, सविता."

"तिला तिथं म्हाताऱ्यांचं करायचंय. हगणं-मुतणं. ते कुठल्या पाठात आहे?"

"ते सिलॅबसमध्ये नाही."

"मग म्हाताऱ्यांना कळवा, म्हणावं तुमचं सिलॅबसमध्ये नाही."

मला एक उत्तर सुचलं होतं, पण ते तळ्याकडे चाललं होतं.

आरतीची स्मरणशक्ती मात्र अशी की माझ्या दहावीच्या बॅचला मी तिचा धाक घालायचो. सलाइन बदलताना ती 'माझं घर' म्हणायची. एका पेशंटनं तक्रार केली की सिस्टर मंत्र टाकतात. सप्टेंबरपर्यंत पाचही उत्तरं तिला उलटीसुलटी पाठ झाली. मी विषय फेकायचो, ती तळ्यावर आणायची. "ट्रॅफिक." तळ्यावर. "लग्न." तळ्यावर. "भूकंप." इथे ती जरा थांबली, मग भूकंपानं तळ्यातली बदकं उडाली. मी फळ्यावर तिचं नाव लिहिलं. अठरा वर्षांत अशी विद्यार्थिनी मिळाली नव्हती.

एकदा तिच्या आईचा, राहीबाईंचा फोन आला. आरतीनंच लावून दिला होता.

"सर, नमस्कार. पोरगी बोलती का वो तिकडलं?"

"फाडफाड बोलते."

"व्हय? मला यकदा आयकवा म्हनलं तर लाजती. काय बोलती ती?"

"घरादाराबद्दल. सुट्टीबद्दल."

"सुट्टी?" त्या विचारात पडल्या. "हां. आसंल. नोकरीत सुट्टीबी आसतीच की."

*

इंटरव्ह्यू दुपारी होता. तिकडे सकाळ.

तयारी मी केली. आरतीच्या मागच्या भिंतीवरचं 'तळ्यावर आणा' चादरीनं झाकलं. खालच्या दुकानातल्या सहादेवला जाऊन सांगितलं की तासभर भांड्यांवर नावं घालायचं मशीन लावू नको, त्याची घरघर वरपर्यंत येते.

"कुणाचा इंटरव्ह्यू, सर? तुमचा?"

"माझा कशाला? विद्यार्थिनीचा."

"मग तुम्ही का घामाघूम?"

लॅपटॉप सविताचा होता. आरती त्याच्यासमोर बसली, पांढरा ड्रेस घालून. मी लॅपटॉपच्या मागे, कॅमेऱ्यात येणार नाही असा. हातात पाच कार्डं. प्रत्येकावर एकेका उत्तराचं नाव जर्मनमध्ये, मोठ्या अक्षरांत. ती अडखळली की मी कार्ड वर धरायचं, असं ठरलं होतं. पद्धतीतली ही सुधारणा माझी स्वतःची. पुण्याच्या सरांनासुद्धा ती सुचली नव्हती.

पडद्यावर दोघं आले. फ्राउ लिंडनर, म्हणजे लिंडनरबाई, केस आखूड, हातात मोठा मग. बाजूला दाढीवाला तरुण. त्याचं पूर्ण नाव माझ्या कानात शिरलं नाही, 'हाइको' तेवढं राहिलं. बाई एकेक शब्द सुटा करून बोलत होत्या. पुढचं सगळं जर्मनमध्ये झालं. मला कळलं तेवढं सांगतो, म्हणून थोडक्यात आटोपेल.

"स्वतःबद्दल सांगा."

आरती सुटली. वडील डॉक्टर, आई शिक्षिका, भाऊ टोबियास, वय चौदा, घरामागे जंगल. एकही चूक नाही. मी मनातल्या मनात पाचपैकी पाच दिले. बाई आधी मान हलवत होत्या, मग त्यांनी समोरचा कागद उचलून वाचला, मग परत आरतीकडे पाहिलं.

"टोबियास," त्या म्हणाल्या. "तुमचा भाऊ?"

"हो."

"बरं." त्यांनी कागद खाली ठेवला. "एक आजी जेवायला नाही म्हणतायत. तुम्ही काय कराल?"

आरतीनं माझ्याकडे पाहिलं. मी कार्डं चाळली. खाण्याचं काय ते 'माझं घर'मध्ये होतं, तेच वर धरलं.

"आजीला सफरचंदाचा केक आवडतो," आरती म्हणाली. "केकचा वास सगळ्या घरात दरवळतो."

हाइकोनं काहीतरी लिहून घेतलं. मला वाटलं, वाईट नाही. केक म्हणजे जेवणच झालं एक प्रकारचं.

"रात्रीची वेळ आहे. एक आजोबा पलंगावरून खाली पडलेत. ड्युटीवर तुम्ही एकट्याच आहात."

यातलं मला 'रात्र', 'आजोबा' आणि 'खाली' कळलं. पाचांत रात्र कुठेच नव्हती. आमच्या पाचही उत्तरांत कायम दिवस असतो. आरती माझ्याकडे बघत होती. मी शेवटचं कार्ड वर धरलं.

"रविवारी आम्ही सायकलवरून तळ्यावर जातो," आरती म्हणाली. "तळ्यात बदकं आहेत. आजोबांना पोहायला आवडतं."

'आजोबांना' तिनं स्वतः जोडलं होतं. इतक्या अडचणीत विषय इतका सफाईनं वळवलेला मी पाहिला नव्हता. त्या क्षणी मला अभिमान वाटला, हे नोंदवून ठेवतो. तो साधारण हाइकोनं तोंडावर हात ठेवेपर्यंत टिकला.

फ्राउ लिंडनर हसल्या नाहीत. त्यांनी मग बाजूला सरकवला.

"खोलीत तुमच्याबरोबर कुणी आहे का?"

"माझे शिक्षक," आरती म्हणाली.

"त्यांना समोर यायला सांगाल?"

मी समोर आलो. घाईत कार्ड हातातच राहिलं, आणि ते मी छातीशी धरलं होतं, अक्षरं बाहेर. बाईंनी ते वाचलं. मग मला काहीतरी विचारलं. मी म्हटलं, "परत सांगता का?" हे मला छान येतं. त्यांनी परत विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा कळलं: आरतीला तुम्ही कामाबद्दल काय शिकवलंत?

साधा प्रश्न होता. उत्तरही साधं होतं: काही नाही. तेवढे शब्द मला येतात. पण तोंड उघडलं आणि आतून दुसरंच बाहेर यायला लागलं.

"माझं नाव अंगद आहे. मी भिंगारला राहतो. भिंगार सुंदर आहे."

इथे थांबता आलं असतं.

"भिंगारच्या मागे जंगल आहे."

भिंगारच्या मागे लष्कराचं फायरिंगचं माळरान आहे. झाड म्हणावं तर बाभळी. मला माहीत होतं, आरतीला माहीत होतं. ती माझ्याकडे बघत होती, आणि पुढचं वाक्य तिला माझ्याइतकंच पाठ होतं.

"जंगलापलीकडे तळं आहे," मी म्हटलं.

हाइको पुढे झुकला. आता तो हसत नव्हता. प्रवासाला निघालेला माणूस विचारतो तसं त्यानं विचारलं, "तळ्याचं नाव काय?"

अठरा वर्षं मी त्या तळ्यावर जातोय. शेकडो पोरं नेली तिथे. नाव कुणी विचारलं नव्हतं. पाचांत ते नव्हतं. खालून सहादेवच्या मशीनची घरघर सुरू झाली, त्याचा तास संपला असावा. कुणाचंतरी नाव पातेल्यावर उमटत होतं आणि मी तसाच उभा होतो.

आरतीनं माझ्या हातातलं कार्ड घेतलं, बाकीची चारही घेतली आणि टेबलावर उलटी ठेवली. मग ती पडद्याकडे वळली.

"तळं नाही," ती म्हणाली.

मग थांबून, "टोबियास नाही. वडील डॉक्टर नाही. वडील..."

शब्द नव्हता. तिनं डाव्या हातात हवेतला ऊस धरला, उजव्या हातानं बुडाशी तोडला, शेंडा उडवला, बाजूला टाकला. परत एक. परत एक. मग वाकून मोळी बांधली आणि डोक्यावर घेतली. खुर्चीत बसल्या बसल्या, पांढऱ्या ड्रेसमध्ये. तोडीवर लहानपण गेलं होतं तिचं, हात आपोआप चालत होते.

"साखर?" फ्राउ लिंडनर म्हणाल्या.

"साखर. हो. वडील. आई पण."

"अच्छा." बाई जरा थांबल्या. "आता मला सांगा. आजी जेवायला नाही म्हणतायत."

"मी बसते. मी हात धरते. मी विचारते, का. मी थांबते. मी विचारते परत."

(क्रियापद चुकलं, अर्धा. क्रम चुकला, अर्धा. 'हात'ला लावलेला शब्द चुकला, अर्धा. मी काय करणार, मला सवय आहे.)

"आणि आजोबा?"

"आजोबा उचलत नाही. पहिलं बोलते. कुठं दुखतं. मग हात लावते. मग फोन, डॉक्टर."

(एक, दीड, दोन. यानंतर मी मोजणं सोडलं. मोजायला लाल पेनची शाई पुरली नसती.)

बाई लिहीत होत्या. बराच वेळ लिहीत होत्या. मग आभार मानून दोघं पडद्यावरून गेले आणि पडद्यात आम्ही दोघं दिसायला लागलो, आरती बसलेली आणि तिच्यामागे मी, पडलेल्या चादरीशेजारी. भिंतीवरचं 'तळ्यावर आणा' किती वेळ उघडं होतं, देव जाणे. त्यांना मराठी येत नाही हे आमचं नशीब.

"सर," आरती म्हणाली, "शेवटच्याला किती पडले असते?"

"तोंडीत?"

"हां."

"वीसपैकी सात."

"म्हंजी नापास?"

"लेखी आणि तोंडी एकत्र धरतात," मी म्हटलं.

ती हसली नाही. तिनं कार्डं नीट एकावर एक लावून माझ्या हातात दिली आणि ड्युटीला गेली.

*

पुढचं एजन्सीच्या मेसेजवरून. आरतीनं मोबाईल माझ्यासमोर धरला, मीच वाचला.

त्यांना आरती हवी होती, पण आत्ता नाही. शेवटची काही मिनिटं चांगली होती, त्याआधीचं त्यांना काही समजलं नाही. तिनं उन्हाळ्यात भाषेची परीक्षा पास व्हावी आणि पुढच्या वर्षी परत बोलावं. शेवटी एक ओळ होती. उमेदवारानं प्रत्यक्ष बोलायचा सराव करावा, सध्याच्या पद्धतीनं शिकू नये.

"सध्याची पद्धत म्हणजे मी," मी म्हटलं.

"तसं न्हाई लिहिलेलं, सर."

"तसंच लिहिलंय. मला जर्मन वाचता येतं."

"हे मराठीत हाय."

"तेही वाचता येतं."

मग ती म्हणाली, पुण्यात एक क्लास बघितलाय, तिथं दिवसभर नुसतं बोलायला लावतात, तिथल्याच हॉस्पिटलात काम मिळतंय. मी म्हटलं, जा. ती म्हणाली, "तुमी लई कष्ट घेतले." हे ती मनापासून म्हणाली आणि तेच मला जास्त लागलं. शिव्या दिल्या असत्या तर मी निदान त्यातल्या चुका काढल्या असत्या.

सविताला सांगितलं तेव्हा ती पोळ्या लाटत होती. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. ती फक्त म्हणाली, "म्हणजे तिचे आईबाप जाणार."

ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी दोन दिवस तळ्याचं नाव शोधत होतो.

*

दिवाळीनंतर राहीबाईंचा फोन आला. मागे इंजिनाचा आवाज, माणसांची हाकाटी.

"सर, निघालो आमी. म्हनलं तुमाला सांगावं. ट्रॅक्टर आलाय."

"कुठल्या बाजूला?"

"श्रीगोंद्याकडंच हाय औंदा. लई लांब न्हाई."

"रामहरीभाऊंची कंबर?"

"पट्टा घेतलाय. बसलेत वर, भांड्याकुंड्यात."

"राहीबाई, यंदा तुम्हाला जावं लागायला नको होतं. माझं शिकवणं—"

"आसू द्या वो. पुढल्या साली व्हईल तिचं." मग जरा थांबून, "सर, ती बोलली ना पन? तिकडल्या बाईसंगं?"

"बोलली."

"काय बोलली?"

"तुमच्याबद्दल बोलली. आईवडील ऊस तोडतात म्हणाली. करून दाखवलं, कसा तोडतात ते."

पलीकडे नुसतं इंजिन ऐकू येत राहिलं.

"ते कशाला सांगायचं," राहीबाई म्हणाल्या.

मग त्यांनीच विचारलं.

"त्यांच्यात न्हाई का वो ऊस?"

"नाही. बीट असतं. कंदासारखं, जमिनीत. त्याची साखर करतात."

"मग ते काढायला कोन जातं?"

"मशीन."

"हां." त्यांनी कुणाला तरी ओरडून हंडा नीट धरायला सांगितलं. "बरं सर, ठिवते. गाडी हलली."

*

डिसेंबरात सराव परीक्षा होती. दहावीची पोरं समोर बसली होती. संध्याकाळची बॅच, कॅन्टोन्मेंटमधली आणि गावातली निम्मी निम्मी. मी ठरवून आलो होतो की आज पाचांतलं काही घ्यायचं नाही. फळ्यावर जर्मनमध्ये लिहिलं: तुमचे आईवडील काय काम करतात, खरं सांगा.

कल्याण नावाच्या मुलानं हात वर केला. "सर, हे इम्पॉर्टंट आहे का?"

"इम्पॉर्टंट म्हणजे?"

"बोर्डाला येतं का?"

"नाही."

"मग वडील डॉक्टरच ठेवू का? चार मार्क फिक्स आहेत."

त्याचे वडील रणगाड्यांच्या वर्कशॉपमध्ये वेल्डर आहेत. वेल्डरला जर्मनमध्ये काय म्हणतात, ते मी आदल्या रात्री शब्दकोशात बघून आलो होतो. मी तो शब्द फळ्यावर लिहिला. लांब होता. कल्याणनं तो मोजला, वहीत बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"सर, यात स्पेलिंगचा धोका आहे."

"आहे," मी म्हटलं.

बाकीची पोरं निकालाची वाट बघावी तशी माझ्याकडे बघत होती. बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये. मी डस्टर उचललं, शब्द पुसायला हात नेला आणि मग पुसला नाही. त्याच्या बाजूला लिहिलं: डॉक्टर. म्हटलं, दोन्ही पाठ करा. कल्याण म्हणाला, दोन्ही केले तर वेळ जाईल. ते खरं होतं. मी म्हटलं, चला, तळ्यावरचा रविवार काढा.

त्यांनी वह्या काढल्या. एका मुलीनं विचारलं, या तळ्याला नाव काय द्यायचं. मी म्हटलं, अजून सापडलेलं नाही.

*

आरतीनं जुलैत माझ्याकडे यायच्या आधी नगरमधल्या बाकीच्या सगळ्या जर्मन क्लासेसना फोन केले होते. रात्रपाळी सुटल्यावर गाठता येईल अशी सकाळची बॅच फक्त माझ्याकडे होती.